किल्ली कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकताच काही कार्यकर्त्यांच्या मनात प्रश्न येणे स्वाभाविक आहे. इंटरनेटवरून जाणारा मजकूर कूटबद्ध असावा की नसावा, हा तंत्रज्ञांनी सोडवावयाचा प्रश्न. किमान वेतन, रेशन आणि घरे यांसाठी लढणाऱ्या माणसाचे त्याच्याशी काय देणेघेणे? परंतु आज कामगार संघटनेची सभासद-यादी, संपाच्या ठरावाचा मसुदा, मोर्चाची सूचना आणि अन्यायग्रस्त कुटुंबाची कैफियत ही सर्व याच मार्गाने जातात. त्या मार्गाचे मालक कोण आणि त्यावर नजर कोणाची, हे ठाऊक नसलेली संघटना आपले स्वातंत्र्य परक्याच्या हवाली करीत असते. संघटना स्थापन करण्याचा अधिकार संविधानाने दिला आहे. पण तो वापरायचा तर दोन माणसांना तिसऱ्याच्या अपरोक्ष बोलता आले पाहिजे. म्हणून हा प्रश्न राजकीय आहे, आणि त्याच्या मुळाशी अर्थकारण आहे.

प्रथम घटनाक्रम पाहावा. ५ जून २०१३ रोजी लंडनच्या ‘गार्डियन’ पत्राने अमेरिकेतील एका गुप्त न्यायालयाचा आदेश प्रसिद्ध केला. व्हेरायझन या टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या दूरध्वनींची नोंद, म्हणजे कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला याचा तपशील, राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला रोजच्या रोज द्यावा, असा तो आदेश होता. संशयित कोण, याचा त्यात उल्लेख नव्हता. सर्वच ग्राहकांची नोंद मागितलेली होती. दुसऱ्या दिवशी ‘प्रिझम’ नावाची योजना उघडकीस आली. मायक्रोसॉफ्ट, याहू, गूगल, फेसबुक, अ‍ॅपल यांसह नऊ कंपन्यांकडून त्या योजनेखाली लोकांच्या पत्रव्यवहाराचा मजकूर घेतला जात होता. ही कागदपत्रे बाहेर आणणारा एडवर्ड स्नोडेन हा त्याच संस्थेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीचा तरुण नोकर होता. कंपन्यांनी खुलासा केला की, सरकारला आमच्या यंत्रांत थेट प्रवेश नाही. कायदेशीर आदेश आला तरच आम्ही माहिती देतो.

हा खुलासा हवेत विरण्यापूर्वीच ३० ऑक्टोबर २०१३ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने आणखी एक गोष्ट उघड केली. गूगल आणि याहू यांची माहितीची कोठारे अनेक देशांत पसरलेली आहेत आणि ती काचतंतूंच्या खाजगी वाहिन्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. अमेरिकेची सुरक्षा संस्था आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या दोघी मिळून त्या वाहिन्यांतूनच माहिती उचलीत होत्या. २०१३ च्या जानेवारीपर्यंतच्या तीस दिवसांत अशा १८ कोटींहून अधिक नोंदी गोळा झाल्या होत्या. म्हणजे पुढच्या दाराने आदेश घेऊन येणारे सरकार मागच्या बाजूने भिंतीलाही भोक पाडून बसले होते. हे काम अमेरिकेच्या भूमीबाहेर केले जात होते, कारण तेथे त्या देशाच्या कायद्याची बंधने सैल होती.

येथे यंत्रणा थोडी समजून घेणे आवश्यक आहे. साध्या पद्धतीने पाठविलेला मजकूर पोस्टकार्डासारखा असतो; वाटेतल्या प्रत्येक कार्यालयातील माणसाला तो वाचता येतो. कूटबद्ध मजकूर बंद पाकिटासारखा असतो, आणि ते पाकीट किल्लीवाचून उघडत नाही. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपी’ या अक्षरांपुढे ‘एस’ असला, की वाचकाचे यंत्र आणि कंपनीचे यंत्र यांच्यामधला मजकूर पाकिटातून जातो. पाकिटावरचा पत्ता मात्र बहुधा दिसतो: कोणत्या स्थळाशी, केव्हा आणि किती वेळ संबंध आला, हे वाटेवरच्या टेहळ्याला कळू शकते. आता गूगलच्या बाबतीत काय घडत होते? ग्राहकापासून कंपनीच्या उंबरठ्यापर्यंत पाकीट बंद होते. आत गेल्यावर ते उघडले जाई आणि एका कोठारातून दुसऱ्या कोठारात मजकूर उघड्याने जाई. टेहळ्यांनी नेमकी ती जागा हेरली होती.

यानंतर जे घडले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला फार उद्बोधक आहे. कोठारांमधील वाहिन्या कूटबद्ध करण्याचे काम गूगलने आधीच हाती घेतले होते. ते आता घाईने पुरे करण्यात आले. याहूने २०१४ च्या जानेवारीत आपली टपालसेवा सर्वांसाठी कूटबद्ध केली आणि मार्चअखेरपर्यंत कोठारांमधील वाहिन्याही. ९ डिसेंबर २०१३ रोजी आठ बड्या कंपन्यांनी सरकारी पाळतीत सुधारणा मागणारे अनावृत पत्र प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे जे होत नव्हते ते काही महिन्यांत झाले. तर मग ते आधी का झाले नव्हते?

तंत्र अवगत नव्हते, असे म्हणता येत नाही. बँकांची संकेतस्थळे नव्वदीच्या दशकापासून ते वापरीत होती. २००९ च्या जूनमध्ये ३८ अभ्यासकांनी गूगलला अनावृत पत्र लिहून, टपालसेवा सर्वांसाठी कूटबद्ध करावी, अशी मागणी केली होती. गूगलने ती २०१० च्या जानेवारीत अमलात आणली. याहूला त्यानंतर आणखी चार वर्षे लागली. यंत्रांवर फार भार पडेल, खर्च वाढेल, असे कारण या उद्योगात सांगितले जात असे. प्रत्यक्षात गूगलच्याच तंत्रज्ञांनी २०१० मध्ये नमूद केले की, या बदलासाठी एकही नवे यंत्र घ्यावे लागले नाही आणि यंत्रांच्या गणनशक्तीचा एक टक्काही त्यात खर्ची पडत नाही. याचा अर्थ, अडचण खर्चाच्या आकाराची नव्हती. खर्च कोणी करावयाचा आणि लाभ कोणाला, ही अडचण होती. पाकीट बंद करण्याचा खर्च कंपनीचा; पाकीट फुटल्याने होणारे नुकसान ग्राहकाचे. कारखानदार नदीत सांडपाणी सोडतो आणि त्याचे मोल काठावरचे गाव मोजते, त्यातलाच हा प्रकार. जे नुकसान मालकाच्या हिशेबवहीत उमटत नाही, ते टाळण्यासाठी मालक आपण होऊन पैसा खर्च करीत नाही.

२०१३ मध्ये ते नुकसान हिशेबवहीत उमटू लागले. गूगलचे निम्म्याहून अधिक उत्पन्न अमेरिकेबाहेरून येत होते. जर्मनी आणि ब्राझील या देशांत संताप उसळला होता. त्या दोन्ही देशांच्या प्रमुखांवरही पाळत असल्याचे प्रसिद्ध झाले होते. २०१४ च्या जूनमध्ये जर्मन सरकारने व्हेरायझनबरोबरचा करार न वाढविण्याचे जाहीर केले. ग्राहकाचा विश्वास उडाला तर बाजारपेठ जाईल, हे दिसताच ग्राहकाचे खाजगीपण कंपन्यांना मोलाचे वाटू लागले. त्यांनी केलेले काम चांगलेच होते आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु बाजाराच्या भयाने मिळालेले संरक्षण बाजाराचा रोख बदलला की जाऊ शकते, हे कार्यकर्त्याने विसरू नये. नागरिकाचा हक्क आणि विक्रेत्याचे सौजन्य यांत हा फरक आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. वाटेवरचे पाकीट बंद झाले; पण ते पोचते कोठे? कंपनीच्या कार्यालयात, आणि तेथे कंपनी ते आपल्या किल्लीने उघडते. या कंपन्यांचा मुख्य धंदा टपालवाटपाचा नाही. गूगल आणि फेसबुक यांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग जाहिरातींचा आहे, आणि माणसाची आवड, चिंता, आजार, कर्ज, मैत्री हे सर्व जाणून घेतल्यावाचून त्या जाहिराती चढ्या भावाने विकल्या जात नाहीत. म्हणून कूटबद्ध करण्याच्या या मोहिमेने वाटेवरच्या चोराला अडविले, पण गोदामाच्या मालकाला मजकूर वाचण्याची मुभा कायम ठेवली. आणि गोदामात माल साठलेला असला की सरकारला चोरवाटेने येण्याची गरजच काय? आदेशाचा कागद पुरतो.

तो कागद किती जड असतो, याची दोन उदाहरणे पाहावीत. लॅव्हाबिट ही सुरक्षित टपालसेवा देणारी एक छोटी अमेरिकन कंपनी होती. तिचे सुमारे चार लाख ग्राहक होते. २०१३ मध्ये सरकारला एका ग्राहकाची माहिती हवी होती, परंतु न्यायालयाच्या आदेशाने मागितली गेली ती सर्वांचीच पाकिटे उघडू शकणारी किल्ली. मालकाने ती किल्ली, म्हणजे अंकाक्षरांची लांबलचक माळ, वाचता येऊ नये इतक्या बारीक टाइपात अकरा कागदांवर छापून दिली. न्यायालयाने दिवसाला ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. तेव्हा त्याने किल्ली दिली आणि त्याच ऑगस्टमध्ये कंपनी बंद केली. हे एका छोट्या माणसाचे धैर्य होते. बड्या कंपन्यांच्या भागधारकांकडून त्याची अपेक्षा करता येत नाही.

दुसरे उदाहरण याहूचे. २००७–०८ मध्ये याहूने गुप्त न्यायालयात सरकारच्या मागणीला विरोध केला होता. माहिती न दिल्यास दिवसाला अडीच लाख डॉलर दंडाची धमकी तिला देण्यात आली आणि अखेर कंपनी हरली. या लढ्याची कागदपत्रे २०१४ च्या सप्टेंबरमध्ये जनतेपुढे आली. पुढे २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने बातमी दिली की, याच कंपनीने २०१५ मध्ये ग्राहकांना येणारे सर्व टपाल सरकारसाठी चाळून पाहणारी यंत्रणा उभारली होती. बातमी दिशाभूल करणारी असल्याचे कंपनीने म्हटले. परंतु बातमी शक्य कोटीतली का ठरली, याचा विचार करावा. २०१४ मध्ये याहूने वाटेवरची सर्व पाकिटे बंद केली होती. किल्ली मात्र तिच्याचपाशी होती.

यावर सरकारी बाजूचे उत्तर ठरलेले असते: दहशतवाद्यांना पकडायचे तर हे सोसलेच पाहिजे. प्रश्न गंभीर आहे आणि तो टाळणे योग्य नाही. बॉम्बस्फोटात मरतो तो बहुधा लोकलने प्रवास करणारा सामान्य माणूसच. ठरावीक संशयितावर, कारण लेखी नोंदवून, न्यायाधीशाच्या परवानगीने आणि ठरावीक मुदतीसाठी ठेवलेली पाळत लोकशाहीत मान्य होऊ शकते. परंतु सर्व जनतेची नोंद ठेवण्याचे समर्थन या मार्गाने होत नाही. अमेरिकेच्याच खाजगीपणविषयक अधिकृत मंडळाने २०१४ च्या जानेवारीत अहवाल दिला. अमेरिकेला असलेल्या धोक्याच्या एकाही तपासात टेलिफोन नोंदींच्या या सरसकट संग्रहाने निकालावर ठोस परिणाम घडविल्याचे उदाहरण त्या मंडळाला आढळले नाही. पुढे २०१५ च्या जूनमध्ये कायदा करून तो संग्रह बंद करावा लागला.

दुसरे उत्तर अधिक चतुर असते: पाकिटे बंद असू द्या, पण सरकारसाठी एक खास दार ठेवा. १९९३ मध्ये ‘क्लिपर चिप’च्या नावाने अमेरिकन सरकारने हाच आग्रह धरला होता आणि काही वर्षांत तो सोडावा लागला. दार एकदा ठेवले की त्यातून कोण शिरेल, हे दाराला कळत नाही. ग्रीसमध्ये २००४–०५ या काळात एका दूरध्वनी कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीर पाळतीसाठी असलेली सोयच अज्ञात इसमांनी ताब्यात घेतली आणि पंतप्रधानांसह सुमारे शंभर जणांचे फोन ऐकले. २०२४ मध्ये चीनशी संबंधित हेरांनी अमेरिकेच्या बड्या दूरध्वनी कंपन्यांत शिरकाव केल्याचे उघड झाले. न्यायालयीन आदेशावरून चालणाऱ्या पाळतीच्या यंत्रणाही त्यांच्या तावडीत सापडल्या होत्या. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या सरकारी अधिकाऱ्यांनीच नागरिकांना सल्ला दिला की, शक्य तेथे कूटबद्ध संदेशसेवा वापरा. जी गोष्ट सुरक्षेच्या आड येते म्हणून तीस वर्षे सांगितली गेली, तिचाच आसरा शेवटी सुरक्षेसाठी घ्यावा लागला.

हे सर्व परदेशातले आहे, असे समजून स्वस्थ बसणे परवडणारे नाही. स्नोडेनने उघड केलेल्या कागदांनुसार २०१३ च्या एका मार्च महिन्यात भारतातून अमेरिकेच्या संस्थेने ६३० कोटी नोंदी गोळा केल्या होत्या. सर्वाधिक पाळतीखालील देशांत भारताचा क्रमांक पाचवा होता. गुप्त का होईना, जे न्यायालय अमेरिकन नागरिकासाठी आहे, ते ठाण्याच्या वा सोलापूरच्या माणसासाठी नाही. आणि घरच्या सरकारपासूनचे संरक्षणही तुटपुंजे आहे. १८८५ च्या तार कायद्याने इंग्रज सरकारने स्वतःला जो अधिकार दिला, तो स्वतंत्र भारतात शतकाहून अधिक काळ चालू राहिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन चोरून ऐकण्यावर काही बंधने घातली, तरी परवानगी देणारा गृहसचिव आणि तिचा फेरविचार करणारेही सचिवच, ही रचना टिकली. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्याने पाळतीचा अधिकार कायम ठेवला, आणि त्याच वर्षीच्या व्यक्तिगत माहितीविषयीच्या कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देण्याची मुभा दिली.

तरीही जनमताला किंमत नाही, असे नाही. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करून सरकारला पत्रे उघडण्याचा व्यापक अधिकार देऊ केला, तेव्हा देशभर विरोध झाला आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्या विधेयकाला संमती दिली नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने कूटबद्धीकरणाच्या धोरणाचा मसुदा काढला. नागरिकाने आपल्या कूटबद्ध संदेशांची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी आणि मागितल्यास दाखवावी, असे त्यात म्हटले होते. ओरड होताच काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. मात्र २०२३ मध्ये नवा टपाल कायदा झाला आणि पाकिटे अडवून उघडण्याचा अधिकार त्यात पुन्हा आला. १९८६ सारखा विरोध तेव्हा उभा राहिला नाही. आणीबाणीत ज्यांची पत्रे फोडली गेली, त्यांच्या वारसांनी याची खंत बाळगली पाहिजे.

मग मार्ग कोणता? काही मित्र म्हणतील, या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करा. मक्तेदारीवर सामाजिक नियंत्रण हवे, यात वाद नाही. परंतु किल्ली भांडवलदाराच्या खिशातून काढून गृहखात्याच्या खिशात घालणे हे उत्तर होऊ शकत नाही. पूर्व जर्मनीत समाजवादाच्या नावाने चाललेल्या राजवटीच्या ‘श्टासी’ने शेजाऱ्याला शेजाऱ्यावर नजर ठेवावयास लावले आणि लोकांची पत्रे वाफेवर उघडून वाचली. त्या अनुभवाकडे डोळेझाक करणाऱ्याने समाजवादाचे हित साधलेले नाही. किल्ली पत्र लिहिणाऱ्याच्या आणि ज्याला ते लिहिले त्याच्या हाती राहिली पाहिजे. मधल्या कोणाच्याही हाती असता कामा नये. असे तंत्र उपलब्ध आहे. २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सॲपचे संदेश याच रीतीने जातात. कोण कोणाशी आणि केव्हा बोलले, ही नोंद मात्र तेथेही कंपनीला ठेवता येते.

तंत्र सर्वांच्या आवाक्यात आणण्याचाही एक धडा घडून गेला आहे. संकेतस्थळाला बंद पाकिटाची सोय करावयाची तर प्रमाणपत्र लागते. पूर्वी ते बहुधा विकत घ्यावे लागे आणि दरवर्षी नवे करून घ्यावे लागे; छोट्या संस्थांना तो खर्च आणि ती यातायात जड जाई. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा उपक्रमाने ही प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य आणि आपोआप मिळण्याची व्यवस्था खुली केली. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तिने शंभर कोटी प्रमाणपत्रे दिली होती. मोठ्या कंपन्यांच्या देणग्या तिला मिळाल्या, हे खरे. पण प्रमाणपत्र हा विकावयाचा माल न राहता रस्त्यावरच्या दिव्यासारखी सार्वजनिक सोय झाला. जे बाजाराला वीस वर्षांत साधले नाही, ते सामायिक मालकीच्या तत्त्वाने पाच वर्षांत साधले.

यावरून कार्यकर्त्यांपुढचा कार्यक्रम स्पष्ट होतो. पहिली मागणी अशी की, न्यायाधीशाच्या लेखी आदेशाशिवाय कोणाही नागरिकावर पाळत ठेवता येऊ नये, आणि मुदत संपल्यावर त्या नागरिकाला तसे कळविले जावे. दुसरी, सेवेला आवश्यक नसलेली माहिती साठविण्यास कंपन्यांना कायद्याने बंदी असावी. जे गोदामात नाही, ते आदेशाने मागता येत नाही. तिसरी, कूटबद्ध संदेशांना चोरदार ठेवण्याची सक्ती कोणत्याही नियमाने होऊ नये. चौथे काम मागणीचे नाही, घरचे आहे: प्रत्येक शाखेने आपली सभासद-यादी कोठे ठेवली आहे, ती कोणाकोणाला दिसते आणि तिची किल्ली कोणाजवळ आहे, हे या महिन्याच्या बैठकीत विचारावे. ज्या कामगाराने नोकरीची जोखीम पत्करून त्या यादीत आपले नाव लिहू दिले, त्याच्याशी असलेले हे संघटनेचे कर्तव्य आहे.